चाललेला ब्लॉक उघडायचा नाही

सुदेशच्या आयुष्यात तत्त्वं तशी कमीच. चहा उभ्याने प्यायचा नाही, मेहुण्याशी राजकारणावर बोलायचं नाही, आणि चाललेला ब्लॉक उघडायचा नाही. पहिली दोन त्याने मिळेल तेव्हा आनंदाने मोडली. तिसरं मात्र प्राणपणाने पाळलं, आणि त्यानेच त्याचा घात केला. माणसाने तत्त्वं निवडताना जरा चौकशी करावी, ती यासाठी.

आता ब्लॉक म्हणजे काय, हे सांगायलाच हवं, कारण कोपरच्या मंगलदीप सोसायटीत निम्म्या लोकांना तो अजूनही सिमेंटचा वाटतो. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात सुदेश जन्मभर नोकरीला होता. तिथे मोठमोठ्या टाक्या भरायच्या, ढवळायच्या, रिकाम्या करायच्या. ते सगळं बघायला भिंतीवर एक डबा असतो, पीएलसी नावाचा. कॉम्प्युटरचं डोकं आणि वायरमनचे हात असलेला प्राणी समजा. त्याने कधी काय करायचं, तो प्रोग्राम सुदेश लिहायचा. टाकी भरायचा प्रोग्राम त्याने तरुणपणी एकदाच लिहिला, घोटूनघोटून पक्का केला, त्याचा बंद डबा केला आणि त्याला नाव दिलं ब्लॉक. मग नवी टाकी आली की नवीन काही लिहायचं नाही. तोच ब्लॉक उचलायचा, पंप कुठला नि टाकी कुठली एवढं बाहेरून सांगायचं, की काम झालं.

"एकदा तपासलेली गोष्ट पुन्हा पुन्हा वापरायची. यालाच इंजिनिअरिंग म्हणतात," असं तो जेवताना सांगायचा.

"यालाच भाजणी म्हणतात," सुमती, म्हणजे त्याची बायको, म्हणायची. "एकदा दळून आणायची, महिनाभर थालीपिठं. पण त्याच भाजणीच्या चकल्या घालायला जाल, तर तेलात विरघळतील हो. चकलीची वेगळी असते."

सुदेश यावर हसायचा. स्वयंपाकघरातल्या उदाहरणांवर हसायची इंजिनिअर लोकांना सवय असते.

तर तो कारखाना मागच्या वर्षी गुजरातेत गेला. मशिनं गेली, साहेब गेले, माणसं इथेच राहिली. शेवटच्या दिवशी कुणी खुर्ची नेली, कुणी कुंडी नेली, एकाने तर सूचनापेटी नेली. सुदेशने साहेबांना विचारून एक जुना पीएलसी घरी आणला आणि तो शोकेसमध्ये, लग्नातल्या डिनरसेटच्या शेजारी ठेवला. तेव्हापासून तो सगळ्यांना "सध्या घरूनच बघतोय" असं सांगायचा. काय बघतोय, हे विचारायची हिंमत फक्त सोसायटीचे सेक्रेटरी उत्तमराव यांच्यात होती. ते ट्रेझरीतून रिटायर झालेले, त्यामुळे त्यांना कुठलीही गोष्ट अर्धवट सोडवत नसे.

"काय बघता हो सुदेशराव?"

"प्रोजेक्ट्स."

"दिसत नाहीत कुठे ते."

असं जिन्यात, लोकांसमोर! सुदेश घरी येऊन पंख्याकडे बघत पडला. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो पंख्याकडेच बघायचा, आणि दहावीतली अक्षदा अभ्यासाच्या पुस्तकावरून बाबाकडे बघायची. घरात नोकरी आता एकटीलाच होती, सुमतीला, नौपाड्यातल्या एका दवाखान्यात. ती निघताना पर्स शोधायची, तेव्हा सुदेश उगाचच स्वतःचं पाकीट शोधायचा.

अशात सोसायटीचा वॉचमन महिपत गावी गेला. खालच्या टाकीतलं पाणी वरच्या टाकीत चढवायचा पंप तो चालू-बंद करायचा. जाताना त्याने बटण दाबलं ते दाबलंच. टाकी रात्रभर वाहिली आणि गच्चीवर वाळत घातलेले उत्तमरावांचे उडदाचे पापड पाण्याबरोबर पाइपातून खाली गेले. मीटिंग लागली. पापडांची बाजू उत्तमरावांनी अत्यंत जड अंतःकरणाने मांडली. आणि तेव्हा मागच्या रांगेतून सुदेश उठला.

"मी ऑटोमॅटिक करून देतो," तो म्हणाला. "माझ्याकडे ब्लॉक तयार आहे. फुकट."

फुकट हा शब्द ऐकून टाळ्या पडल्या असत्या, पण उत्तमरावांनी हात वर केला.

"तीन दरपत्रकं लागतील."

"अहो, पण मी पैसेच घेणार नाही."

"मग तुमच्या दरपत्रकात रक्कम काय लिहिणार?"

"शून्य."

"रक्कम शून्य असेल तर दरपत्रक अपूर्ण समजण्यात येतं."

झालं. फुकट काम करायला मिळावं म्हणून सुदेश इतर दोघांचे दर गोळा करत वणवण फिरला. दिवा स्टेशनजवळचा एक इलेक्ट्रिशियन तर चिडलाच. "काम मला द्यायचं नाही, मग दर कशाला विचारता? मुलगी बघायला येऊन पोहे खाऊन जाणारे तुम्ही!" शेवटी सुदेशने स्वतःच्या दरपत्रकात 'एक नारळ' असं लिहिलं. उत्तमरावांनी नारळ सोललेला की न सोललेला, असं पेन्सिलीने विचारून ते मंजूर केलं.

पीएलसी शोकेसमधून पंपाच्या खोलीत गेला. डिनरसेटला एकदम मोठं घर मिळाल्यासारखं झालं. सुदेशने त्यात आपला जुना ब्लॉक घातला, वायरी जोडल्या, बटण दाबलं. पंप हलेना.

झालं काय होतं, की कारखान्यात टाकी भरताना आतली ढवळणी चालू असावी लागते, नाहीतर रंग खाली बसतो. म्हणून ब्लॉक आधी विचारायचा, ढवळणी चालू आहे का? आता मंगलदीपच्या टाकीत कसली आलीये ढवळणी! दुसरा कुणी असता तर ब्लॉक उघडून तो प्रश्नच काढून टाकला असता. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. सुदेशने बाहेरून एक वायर अशी जोडली, की ब्लॉकला कायम वाटावं, ढवळणी गरागरा फिरतेय.

"म्हणजे बाबा, तू त्याला चक्क गंडवलंस," टॉर्च धरून उभी असलेली अक्षदा म्हणाली.

"गंडवलं नाही. त्याची समजूत घातली."

आणि पंप चालू झाला! टाकी भरली, आपोआप थांबला. रिकामी झाली, आपोआप लागला. सगळी बिल्डिंग खाली येऊन त्या डब्याकडे बारशातल्या बाळाकडे बघावं तशी बघत होती. तळमजल्याच्या केशरबाई, इथल्या मूळच्या, ज्यांच्या सासऱ्यांच्या शेतावर ही सोसायटी उभी आहे, त्यांनी सुदेशच्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. सुदेश त्या दिवशी चार घास जास्त जेवला. पंख्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दोन दिवसांनी कुणीतरी त्या डब्यावरच्या पट्टीचा फोटो ग्रुपवर टाकला. टाकी भरली की त्या पट्टीवर लाल अक्षरं उमटत. ब्लू बॅच रेडी.

आता हे एखाद्या दुसऱ्या गावात चालून गेलं असतं. पण नाल्याच्या रंगावरून आज कुठली ऑर्डर निघालीय ते ओळखणारी माणसं ही. अर्ध्या तासात सोसायटीतला एकही माणूस नळाखाली उभा राहीना. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना भात निळसर दिसला. केशरबाई तांब्या घेऊन थेट दारात आल्या.

"सुदेश, खरा सांग मना. पानी निला हाय का?"

"काकी, स्वच्छ आहे हो! ते फक्त नाव आहे. जुन्या टाकीचं."

"मंग ह्या टाकीला जुन्या टाकीचा नाव कशाला दिलास? पोराला कोन शेजाऱ्याचा नाव लावतं का?"

ती अक्षरं ब्लॉकच्या आत होती आणि ब्लॉक उघडायचा नव्हता. म्हणून सुदेशने सगळ्यांसमोर गटागटा दोन तांबे पाणी प्यायलं आणि मग त्या पट्टीवर सुमतीच्या दवाखान्यातली चिकटपट्टी लावली. पीएलसीला लागलंय-बिगलंय असं वाटायचं. पुढचे दोन दिवस जो तो सुदेशला भेटला की आधी त्याच्या जिभेचा रंग बघायचा.

मग पहिला शुक्रवार आला. पाणी गेलं. पण त्या दिवशी पालिकेचीच कपात होती, तेव्हा सगळ्यांनी शिव्या जागच्या जागी पोचत्या केल्या.

दुसऱ्या शुक्रवारी कपात नव्हती. खालची टाकी काठोकाठ भरलेली, वरची ठणठणीत कोरडी, आणि पंप मख्ख. लोक अंगाला साबण लावून बसलेले. सुदेशने पाण्याची पातळी सांगणारा फ्लोट तपासला, वायरी तपासल्या, फ्यूज चाटायचाच काय तो बाकी ठेवला. लॅपटॉप लावून, तत्त्वाला हात न लावता, बाहेरबाहेरून सगळं पाहिलं. काही सापडेना. खाली सल्लागार मंडळ जमलेलं. एकाच्या मते उंदीर. दुसऱ्याच्या मते व्होल्टेज. उत्तमरावांच्या मते दुसरं दरपत्रक.

"सॉफ्टवेअरला एक्सपायरी असते म्हणे," ते म्हणाले. "आमच्या ऑफिसात पण जुनं सॉफ्टवेअर आलेलं. ते पगार द्यायचं, पण मेलेल्यांना."

शेवटी सुदेशने डब्याला बाजूला सारून हाताने पंप चालू केला. संध्याकाळी केशरबाईंनी पंपाला हळदकुंकू लावून नारळ फोडला. आणि शनिवारी सकाळी, देवाशप्पथ, कुणी हात न लावता पंप पुन्हा आपोआप लागला! श्रेय अर्थातच नारळाला गेलं. सुदेश इतकी वर्षं इंजिनिअर होता, पण त्या सकाळी त्यानेही खोबऱ्याचा तुकडा दोन्ही हातांनी घेतला.

आणि मग सुमतीच्या दवाखान्यात गुडघा दाखवायला मयूर नावाचा एक तरुण आला. त्याची नौपाड्यात छोटी कंपनी. ठाण्यातल्या मोठमोठ्या टॉवरना पंप बसवून द्यायचं काम. माणूस गुडघा शेकत असला की बरंच बोलतो. टाक्यांच्या प्रोग्रामने डोकं उठवलंय, असं तो म्हणाला, आणि सुमती म्हणाली, आमच्याकडे एकदा येऊन बघा.

तो बुधवारी आला. बुधवारी तो ब्लॉक असा काही चालला म्हणता, जणू परीक्षक आलेत हे त्याला कळलं होतं. मयूर लॅपटॉपवर बाहेरूनच त्याचं चालणं बघत राहिला.

"काका, हे तुम्ही लिहिलंय? केवढं क्लीन आहे! आमची पोरं महिनाभर घासतायत. मी घेऊ हा ब्लॉक? घोडबंदरला एक टॉवर उद्याच चालू करायचाय. तिथे हा चालला ना, तर काका, सोमवारपासून तुम्ही आमच्याकडे. टाक्यांचं सगळं तुम्हीच बघायचं."

सोमवारपासून! सुदेशने ब्लॉक दिला. कुठली वायर कुठे, ढवळणीची समजूत कशी घालायची, निळ्या अक्षरांवर चिकटपट्टी का लावायची, सगळं सांगितलं.

"आणि एकच लक्षात ठेवा. चाललेला ब्लॉक उघडायचा नाही."

"नाही काका. देव्हाऱ्यासारखा ठेवतो."

त्या रात्री सुमतीने नवा डबा घासून ठेवला, चार कप्प्यांचा. कुणी कुणाशी काही बोललं नाही. बोललं तर मोडेल, अशी ती गोष्ट होती. बिल्डिंगला मात्र कळलंच. गुरुवारी उत्तमरावांनी जिन्यात सुदेशला आधी वर जाऊ दिलं.

शुक्रवारी सकाळी पाणी नव्हतं.

सुदेश इस्त्रीच्या शर्टात पंपाच्या खोलीत उकिडवा बसला. दारात उत्तमराव, त्यांच्यामागे बादल्या, बादल्यांमागे माणसं. सगळ्यात पुढे केशरबाई.

"मी बोलू का सुदेश? मागल्या शुक्रवारला बंद. आज शुक्रवार, आज बंद. दर शुक्रवारीच कसा रं बंद परतं ह्यो?"

सुदेश वायर पिळत होता. त्याने मानही वर केली नाही.

"अहो काकी, शुक्रवारी सुट्टी असते ना!"

"कुणाला?" उत्तमराव म्हणाले.

सुदेशचा हात थांबला. डोंबिवली एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी. सगळं जग रविवारी झोपतं, ते कारखाने शुक्रवारी. जन्मभर सुदेशचा रविवार शुक्रवारी यायचा. मटण शुक्रवारी, दाढी नाही ती शुक्रवारी, अक्षदाची पालकसभा रविवारी म्हणून बाबा गैरहजर. शुक्रवारी कारखान्यात कुणी नसायचं. त्या दिवशी टाकी भरायला लागली आणि काही बिघडलं, तर रंग वाहत थेट नाल्यात. म्हणून तरुण, हुशार, जबाबदार सुदेशने ब्लॉकच्या अगदी आत एक ओळ लिहिली होती. शुक्रवार असेल तर पंप लावायचा नाही. आणि मग ती तो विसरलाही नव्हता! शुक्रवारी काही चालत नाही, यात लक्षात ठेवण्यासारखं त्याला काही वाटलंच नव्हतं.

त्याने हाताने पंप लावून दिला आणि लोकांच्या मधून वाट काढत घरी आला. लॅपटॉप घेतला. ब्लॉक उघडला. ओळ होती.

"बाबा, मग काढ ना ती. सिंपल आहे," अक्षदा म्हणाली.

"घोडबंदरच्या टॉवरमध्येही आहे ती. आज."

अक्षदाला कळायला क्षणभर लागला. मग ती हळूच दार लोटून आली.

"ऐक ना. फोन नको करूस. उद्या शनिवार. उद्या आपोआप चालू होईल. सोमवारी तू कामावर जाशीलच, मग गुपचूप काढ. कोणाला कळणारे?"

पोरीचं डोकं चांगलं चालतं, असं सुदेशला वाटलं, आणि त्याचंच वाईटही वाटलं. हे त्याच्याही मनात येऊन गेलं होतं, तिच्या आधी. त्याला तो टॉवर दिसला. तिथली माणसं साबण लावून बसलेली. तिसाव्या मजल्यावर कुणी बादली घेऊन चढत नाही. आणि खाली, त्याच्यासारखाच उकिडवा बसलेला मयूर, चांगल्याभल्या फ्लोटवर शंका घेत असलेला. आपला ब्लॉक आपण नसताना कुणाला तरी खोटं पाडतोय, हे काही सुदेशला सोसवेना. त्याने फोन लावला.

"काका! बरं झालं तुम्ही केलात." मागे बायकांचा आरडाओरडा चाललेला. "सकाळपासून दोन फ्लोट बदलले! सेक्रेटरी माझा शर्ट धरून उभे आहेत."

सुदेशने सांगितलं. शुक्रवार, सुट्टी, ओळ.

"म्हणजे ती ओळ डिलीट केली की झालं?"

"झालं."

मग थोड्या वेळाने फोनमधून पंप ऐकू आला. सुदेशने तो आवाज ओळखला. त्याच्या मागोमाग टाळ्या. कुणीतरी मयूरला हीरो म्हणालं.

"काका, सुरू! मस्त! आता एकदम परफेक्ट झाला बघा. अजून काही लपलेलं नाही ना आत?"

"नाही. मी आत्ताच सगळा उघडून पाहिला. आता तो कुठेही बसवा. अडणार नाही."

"शंभर टक्के?"

"माझा शब्द आहे," सुदेश छाती काढून म्हणाला. "आता त्याला माझीसुद्धा गरज लागणार नाही."

ते वाक्य तोंडातून गेलं आणि मग कानात आलं. सुदेशने डोळे मिटले. पलीकडे मयूरनेही बहुतेक तेच वाक्य पुन्हा एकदा ऐकलं असावं.

"काका, मग सोमवारचं... म्हणजे बघा ना, तसं आता काम राहिलंच नाही. तुमचा सगळा अनुभव ब्लॉकमध्ये आलाच आहे की. काही अडलं तर मी नक्की फोन करीन. नक्की!"

"अडणार नाही," सुदेश म्हणाला. ब्लॉकबद्दल खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

सुमती घरी आली. चार कप्प्यांचा डबा वरच्या फळीवर गेला. मयूरने मात्र 'अडलं तर फोन करीन' हा शब्द पाळला. ब्लॉक घोडबंदरला लागला, मग माजिवड्याला, मग कल्याणकडच्या दोन मोठ्या कॉम्प्लेक्सना. मयूर मधूनमधून फोटो पाठवायचा, भरलेल्या टाक्यांचे, नमस्काराच्या चिन्हासकट. फोन काही आला नाही. कशाला येईल? कुठे काही अडलंच नाही.

मंगलदीपच्या डब्यातूनही सुदेशने ती ओळ काढली. आता उघडलाच आहे तर म्हणून ढवळणीचा प्रश्नही काढला, निळी बॅचही काढली. उत्तमरावांनी सूचनाफलकावर आभार मानले, नारळ पोचल्याच्या नोंदीसकट.

पुढच्या शुक्रवारी सकाळी वरच्या टाकीत धो धो पाणी पडायला लागलं. खिडकीखालून केशरबाईंची हाक आली.

"सुदेश! आरं आज शुक्रवार ना रं? आज कसा चालू हाय ह्यो?"

सुदेश इस्त्रीच्या शर्टात खिडकीशी आला.

"कामाला लागला काकी तो. आता रोज चालणार. त्याला सुट्टी नाही."

"नि तुला?"

सुदेशने कॉलर नीट केली.

"मला आहे," तो म्हणाला, आणि खिडकी लावून घेतली.